सोरायसिसविषयीचे सामाजिक गैरसमज

सोरायसिस हा प्रतिकारशक्तीतील बिघाडाशी निगडित असा दीर्घकालीन त्वचाविकार आहे. त्यात त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढून लालसर चट्टे व रुपेरी खपल्या दिसतात. हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही रुग्णांना सामाजिक भेदभावास सामोरे जावे लागते.

पार्श्वभूमी

युरोपात सोरायसिस व कुष्ठरोग यांची दीर्घकाळ गल्लत होत असे. १८४१ मध्ये फेर्डिनांड फोन हेब्रा यांनी हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे केले. नायटा, खरूज हे त्वचारोग मात्र खरोखर संसर्गजन्य असल्याने सोरायसिसच्या चट्ट्यांविषयीही तशीच भीती बाळगली जाते.

प्रमुख गैरसमज

* संसर्ग: स्पर्श, एका पंक्तीतील जेवण, सामायिक कपडे किंवा उजनीसारख्या जलाशयात एकत्र पोहणे यांतून सोरायसिस पसरत नाही.
* अस्वच्छता: अस्वच्छता किंवा पूर्वजन्मीचे पाप हे या आजाराचे कारण नाही.
* विवाह: आजाराची प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते; मात्र रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो होतोच असे नाही.

परिणाम

लोकलज्जेमुळे आजार लपविल्यास उपचारांना विलंब होतो. काही रुग्णांत सांधेदाह उद्भवतो व वेळीच उपचार न झाल्यास सांध्यांची कायमची हानी होऊ शकते. नैराश्याचे प्रमाणही रुग्णांत अधिक आढळते. ‘कायमचा इलाज’ म्हणून दिलेल्या औषधांत स्टेरॉइड असल्यास ती अचानक थांबविल्यावर आजार तीव्र रूपात उलटू शकतो.

जनजागृती

जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये ठराव करून सोरायसिस असंसर्गजन्य असल्याचे नमूद केले व रुग्णांविषयीच्या भेदभावाविरुद्ध जनजागृतीचे आवाहन केले. २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.