फतह आणि फातिहा

ट्युनिस शहराच्या हबीब बुर्गिबा हमरस्त्यावर इब्न खल्दूनचा पुतळा आहे. अंगात पायघोळ झगा, हातात किताब. एका बाजूला फ्रेंचांच्या काळातले कॅथेड्रल, जवळच फ्रान्सची वकिलात आणि मध्ये हा चौदाव्या शतकातला मुसलमान इतिहासकार. १३३२ साली तो याच शहरात जन्मला. सतरा वर्षांचा असताना प्लेगच्या साथीत त्याचे आईवडील गेले. पुढे राजे पाहिले, त्यांची चाकरी केली, कैद भोगली आणि १३७७ साली 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच त्याने इतिहासकारांना फटकारले आहे. जुन्या लेखकांनी सैन्याचे फुगवलेले आकडे दिले आणि मागून आलेल्यांनी ते डोळे झाकून उतरवून घेतले, अशी त्याची तक्रार आहे. ऐकलेली गोष्ट अक्कलेच्या तराजूवर तोलून पाहा, हे त्याचे सांगणे.

ट्युनिशियाच्या प्रवासात आम्ही त्याचे हे सांगणे सोबत घेतले होते. आम्हांला दोन प्रकारच्या जागा पाहायच्या होत्या. एक, दोन हजार वर्षांपूर्वीचे भग्नावशेष. दुसरी, १९४२-४३ च्या लढाईतील सैनिकांची कब्रस्ताने. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे निघताना मित्रांनी विचारले होते. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते.

कार्थेज ट्युनिसपासून अगदी जवळ. शहरातून लोकलसारखी गाडी जाते. बिर्सा टेकडीवर उभे राहिले की खाली निळा समुद्र, जुन्या बंदराची गोल तळी आणि किनाऱ्यालगत अँटोनिनस बादशहाच्या काळातील हमामखान्याचे प्रचंड खांब दिसतात. फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे शहर इ. स. पू. ८१४ मध्ये वसवले अशी परंपरा आहे. इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने ते घेतले. शहर कित्येक दिवस जळत होते. जिवंत राहिलेल्या पन्नास हजारांना गुलाम केले गेले, असे अ‍ॅपियन हा इतिहासकार लिहितो. जळते शहर पाहून स्किपिओच्या डोळ्यांत पाणी आले. आज यांची पाळी, उद्या आपल्या रोमचीही येईल, हा विचार त्याच्या मनात आला, असेही जुने लेखक सांगतात. रोमनांनी या जमिनीत मीठ पेरले ही गोष्ट मात्र वाटाड्ये आजही रंगवून सांगतात. तिला एकाही प्राचीन लेखकाचा आधार नाही. इब्न खल्दून असता तर हसला असता.

आता आमच्यासाठी अवघड भाग. कार्थेज एकदा नाही, दोनदा पडले. रोमनांनीच पुढे ते पुन्हा बांधले, वैभवाला नेले आणि बायझंटाईनांच्या ताब्यात असताना ६९८ साली अरब सेनापती हस्सान बिन नुअमान याने ते जिंकून उद्ध्वस्त केले. त्यानंतर कार्थेज मागे पडले आणि शेजारचे ट्युनिस वाढले. शाळेत आणि मदरशात आपण दोन भाषा शिकलो. रोमनांनी शहर पाडले तर तो विध्वंस. हस्सानने पाडले तर ती फतह. बिर्सा टेकडीवरून दगडांकडे पाहताना कोणता दगड विध्वंसाचा आणि कोणता फतहचा, हे सांगता येत नाही. जळणाऱ्या घरातल्या बाईला दोन्ही वेळी सारखेच वाटले असणार.

इब्न खल्दूनने हे अवशेष लहानपणी पाहिले होते. झगुआनच्या डोंगरातून सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या कालव्याने रोमनांनी कार्थेजला पाणी आणले होते. मलिक अंबरच्या नहरीचे पाणी ज्या औरंगाबादेने (आजच्या छत्रपती संभाजीनगरने) प्यायले, तिथल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. कार्थेजच्या कमानींबद्दल 'मुकद्दिमा'त तो लिहितो की, ट्युनिसच्या लोकांना घरांसाठी चांगला दगड हवा असतो, म्हणून कारागीर या कमानी फोडायला जातात. दिवसचे दिवस खपतात, घामाघूम होतात, तेव्हा कुठे लहानशी भिंत पडते. लोक हे पाहायला गर्दी करतात, आणि आपणही लहानपणी ते पाहिले आहे, अशी तो आठवण देतो. आपल्याच शहरातील लोक जुन्या इमारती फोडून घरे बांधत होते, हे त्याने लपवले नाही आणि त्यावर अश्रूही ढाळले नाहीत. मोठी बांधकामे एकट्या राजाची नसतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संघटित श्रमांची असतात, एवढा निष्कर्ष काढून तो पुढे जातो.

याच कार्थेजच्या परिसरात अमेरिकन सैनिकांचे कब्रस्तान आहे. हिरवळीवर २८४१ पांढऱ्या संगमरवरी खुणा, सरळ रेषेत. ज्यांचा मृतदेहच मिळाला नाही अशा ३७२४ जणांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. ट्युनिसच्या दक्षिणेला बोर्ज सेद्रिया येथे ८५६२ जर्मन सैनिक आहेत. पश्चिमेला मेजेझ-एल-बाब येथे ब्रिटिश व राष्ट्रकुलाच्या सैन्यातील २९०३ जण आहेत. नोव्हेंबर १९४२ पासून १३ मे १९४३ पर्यंत जेमतेम सहा महिने या छोट्या देशात परक्यांची परक्यांशी लढाई झाली. ट्युनिशिया तेव्हा फ्रान्सच्या अमलाखाली होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

दक्षिणेच्या रस्त्याला लागलो की शंभरेक किलोमीटरवर एन्फिदा येते. इथून डोंगर सुरू होतात. खडकाच्या माथ्यावर ताक्रूना हे बर्बर लोकांचे जुने गाव दिसते. एप्रिल १९४३ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी सैनिकांनी हा कडा चढून घेतला. त्याच्या पश्चिमेला जेबेल गार्सी. १९ एप्रिलच्या रात्री या डोंगरावर चौथ्या हिंदी डिव्हिजनचे सैनिक चढले. त्यांत सहाव्या राजपुताना रायफल्सची चौथी पलटण होती. या पलटणीत जाट होते आणि मुसलमानही. कंपनी हवालदार मेजर छेलू राम हा आजच्या हरियाणातील भिवानीकडचा जाट. जखमी असतानाही त्याने आपल्या अधिकाऱ्याला सावरले, तुकडी हाती घेतली आणि हातघाईच्या लढाईत इकडून तिकडे धावत जाटांनो, मुसलमानांनो, मागे हटायचे नाही, अशी हाक देत राहिला. पुन्हा जखमी होऊन तो तिथेच मेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सरकारी मानपत्रात त्याची ही हाक नोंदलेली आहे. मला त्या पदकापेक्षा ती हाक मोठी वाटते. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस दोघांनाही नावाने हाक मारतो. एकालाही वगळत नाही.

एन्फिदाहून आत वळले की कैरवान. ६७० साली उक्बा बिन नाफेने ही छावणी वसवली. आज दिसणारी मशीद मुख्यत्वे ८३६ साली अघलबी अमीर झियादतुल्लाहने बांधवली. आत पाऊल टाकले की खांबांचे रान लागते. एक खांब गुलाबी, दुसरा पांढरा, तिसरा करडा. एकाच्या माथ्यावर रोमन पानांची नक्षी, शेजारच्यावर बायझंटाईन वळणाची. कार्थेज आणि इतर उजाड शहरांतून ते आणलेले आहेत. उंची जुळावी म्हणून कुठे पायथा वाढवला आहे. मनाऱ्याच्या पायथ्याशी लॅटिन अक्षरे कोरलेले दगड सरळ भिंतीत बसवले आहेत. कोणी ते खरवडले नाहीत की लपवले नाहीत.

इथे मला घरची आठवण झाली. आपल्याकडे एखाद्या जुन्या मशिदीच्या खांबावर कमळ किंवा साखळी-घंटा दिसली की एका बाजूला कुजबुज सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला आपली माणसे चुन्याचा हात मारायला धावतात. दोघांनाही वाटते, हा दगड बोलला तर आपले काही खरे नाही. खरे तर तो दगड एवढेच सांगतो की इथे आपल्याआधी माणसे राहत होती, त्यांना उत्तम दगडकाम येत होते आणि सत्ता बदलली तेव्हा जे घडायला नको ते काही वेळा घडले. हे कबूल केल्याने इमान जात नाही. राजांनी केलेल्या गोष्टींचा जाब आजच्या शेजाऱ्याकडे मागायचा नाही, आणि राजांच्या बढायाही आपल्या घरात आणायच्या नाहीत, एवढे पथ्य दोन्ही बाजूंनी पाळावे लागते.

एल जेमचे अ‍ॅम्फिथिएटर सपाट माळावर दुरूनच दिसते. इ. स. २३८ च्या सुमाराचे बांधकाम, सुमारे पस्तीस हजार माणसे बसतील एवढे. माणसांना आणि जनावरांना झुंजवून मरताना पाहायला ही बांधणी. एका अंगाला मोठे खिंडार आहे. ते परक्यांनी नाही पाडले. १६९५ साली ट्युनिसच्या गादीसाठी दोन भाऊ भांडत होते. एका भावाची माणसे आत लपली, म्हणून दुसऱ्याने, मुहम्मद बेने, भिंत फोडवली. निघालेल्या दगडांवर गावाची घरे उभी राहिली. विध्वंसाला धर्म लागतोच असे नाही; गादी पुरते.

तिथून साधारण तासाभरात स्फाक्स. शहराच्या दक्षिणेला गाबेसच्या रस्त्यावर युद्धातील सैनिकांचे कब्रस्तान आहे. १२५३ कबरी, त्यांतील ५२ जणांची ओळख पटलेली नाही. यांतील बहुतेक जण मार्च-एप्रिल १९४३ मध्ये मारेथ आणि वादी अकारित येथील लढायांत पडले. फाटकाजवळच्या कोनाड्यात नोंदवही असते. ती उघडली आणि बोट हिंदी नावांवर थांबू लागले. छेलू रामचे नावही इथेच आहे. काही दगडांवर अरबी अक्षरे आहेत. नाव, हुद्दा, पलटण, तारीख. पुढे काही नाही. गाव नाही, बापाचे नाव नाही.

सोळाव्या पंजाब रेजिमेंटची चौथी पलटणही वादी अकारितला लढली होती. १९४७ मध्ये सैन्याची वाटणी झाली तेव्हा ही रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली आणि राजपुताना रायफल्स भारताकडे राहिली. इथे पडलेल्यांना या वाटणीतले काही माहीत नव्हते. ते मेले तेव्हा हिंदी सैन्याचे शिपाई होते. त्यांच्या पश्चात त्यांचे गाव दुसऱ्या देशात गेले, सोबत्याचे गाव या देशात राहिले. ते मात्र एकाच मातीत आहेत. कोणत्या देशाचा वकील त्यांच्यासाठी फूल ठेवणार?

तिथला माळी म्हातारा होता. आम्ही सलाम केला, त्याने उत्तर दिले. नात्यातले कोणी आहे का, असे त्याने खुणेने विचारले. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाही कळले नाही. त्याने खुरपे खाली ठेवले, मातीचे हात झग्याला पुसले आणि फातिहासाठी उचलले. आम्हीही उचलले. शेजारच्या कबरींवर कोणते नाव आहे हे त्याने पाहिले नाही. आम्हीही पाहिले नाही.

हे सैनिक कोणासाठी लढले? पोटासाठी, पलटणीच्या इज्जतीसाठी, घरी जाणाऱ्या मनिऑर्डरसाठी. फॅसिझमचा पराभव झाला ही जगासाठी चांगलीच गोष्ट झाली. पण ज्यांच्या जमिनीवर लढाई झाली आणि ज्यांनी रक्त दिले, त्यांना लगेच काय मिळाले? १३ मे १९४३ रोजी लढाई संपली आणि त्याच आठवड्यात फ्रेंचांनी ट्युनिसच्या लोकप्रिय मोन्सेफ बेला गादीवरून काढून हद्दपार केले. आरोप शत्रूला सामील असल्याचा. खरे कारण, तो आपल्या लोकांसाठी हक्क मागत होता. १९४८ साली तो फ्रान्समध्येच वारला. ट्युनिशिया स्वतंत्र झाला तो २० मार्च १९५६ रोजी.

आणि इकडे? त्याच एप्रिल महिन्यात मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. (शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे, किल्ला तोच आहे.) ६ एप्रिलला वादी अकारितची लढाई झाली. ९ एप्रिलला कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. त्या अत्यवस्थ असतानाही सुटकेसाठी सरकारपुढे हात पसरायला मौलानांनी नकार दिला होता. 'गुबार-ए-खातिर'मधील ११ एप्रिलच्या पत्रात त्यांनी हे दुःख लिहिले आहे. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. तिच्याकडे पाहून त्यांना मुतम्मिम या अरबी कवीची आठवण झाली. भावाच्या शोकात बुडालेल्या या कवीला दिसेल ती कबर आपल्या भावाचीच वाटत असे.

ज्या साम्राज्याने मौलानांना किल्ल्यात कोंडले, त्याच साम्राज्याच्या झेंड्याखाली त्यांचे देशबांधव त्या दिवसांत ट्युनिशियात मरत होते. यांतले एक आपले आणि दुसरे परके असे मला म्हणवत नाही.

निघताना मित्रांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला स्फाक्सच्या त्या कब्रस्तानात मिळाले. फतह आणि फातिहा हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आले आहेत, अर्थ उघडणे. फतहने शहराचे दरवाजे उघडतात, आणि त्यासाठी आधी ते फोडावे लागतात. फातिहाने काय उघडते ते ज्याचे त्याने पाहावे. आपल्या मुलांना आपण आजवर फतहच्या तारखा पाठ करायला लावल्या. उक्बा, हस्सान, महमूद, बाबर. त्यांच्याशी आपले नाते शोधता शोधता आपण थकलो, आणि इतरांनी तेच नाते आपल्या गळ्यात बांधले. कैरवानचे खांब जुळवणारा गवंडी, जेबेल गार्सीवर पडलेला शिपाई, मातीचे हात पुसून दुआ मागणारा माळी यांच्याशी असलेले नाते शोधावे लागत नाही.