कच्च्या चित्राची किल्ली

डिजिटल कॅमेऱ्याला निगेटिव्ह नसते, असे आपण समजून चालतो. पण ती असते. फोटोग्राफर तिला ‘रॉ फाईल’ म्हणतात. रॉ म्हणजे कच्ची. कवीने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण कच्चा खर्डा आणि छापलेली कविता यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

कॅमेऱ्याच्या संवेदकाला रंग कळत नाहीत, उजेड किती पडला एवढेच कळते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी यावर तोड काढली. 1976 साली तिचे पेटंट मिळाले. प्रत्येक ठिपक्यावर रंगीत काचेसारखे एकेक गाळणे बसवायचे. चारांतली दोन हिरवी, एक तांबडे, एक निळे. माणसाच्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे अधिक कळतात, म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी एकाच रंगाची नोंद. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून अंदाजाने घ्यायचे. आज तुमच्याआमच्या मोबाईलमध्येही बहुधा हीच युक्ती आहे.

हा अंदाज कॅमेऱ्याने स्वतःच केला की जेपीईजी फोटो मिळतो. त्यात प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या उरतात, बाकीच्या फेकून दिल्या जातात. 14 बिटांच्या रॉ फाईलमध्ये 16,384 पायऱ्या असतात. म्हणून ट्यूबलाइटखाली निळसर-हिरवट पडलेला नवरीचा चेहरा रॉ फाईलमधून पुन्हा गव्हाळ करता येतो. जेपीईजीत तो खरवडल्यासारखा दिसू लागतो.

पण ही फाईल उघडायची कशी? प्रत्येक कंपनीची लिपी निराळी, आणि ती छापून प्रसिद्ध करण्याची रीत नव्हती. 1997 साली डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘डीसीरॉ’ हा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कोणत्याही कॅमेऱ्याची कच्ची फाईल कोणत्याही संगणकावर उघडली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. एकेक कॅमेऱ्याची लिपी उलगडत त्याने तो फुकट वाटला. मला हा गृहस्थ जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांचा भाऊबंद वाटतो. पुढे 2003 साली, भाऊ जॉन यांच्यासोबत फोटोशॉप घडवणाऱ्या थॉमस नोल यांनी त्याच फोटोशॉपसाठी ‘कॅमेरा रॉ’ हा जोड-प्रोग्रॅम आणला.

आणि 2005 साली ठिणगी पडली. निकॉनच्या डी-2-एक्स कॅमेऱ्याच्या फायलींमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ची नोंद, म्हणजे उजेड कोणत्या रंगाचा होता याची नोंद, सांकेतिक करून ठेवल्याचे नोल यांनी जाहीरपणे सांगितले. ते कुलूप फोडले तर अमेरिकेच्या 1998 च्या कॉपीराइट कायद्यात अडकू, अशी अडोबीला धास्ती. आमचे किट मागेल त्या खऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला देऊ, असे निकॉनचे म्हणणे. कॉफिन यांनी मात्र ते कुलूप उघडून दाखवले. पुढे दोन कंपन्यांत समझोता झाला. पण त्या वर्षी फोटोग्राफरांनी जो प्रश्न विचारला तो मला फार मोलाचा वाटतो: फोटो मी काढला, मग त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला का?

आता ‘सेव्ह’ करण्याची गंमत. रॉ फाईल दुरुस्त केली तरी मूळ नोंदी तशाच राहतात. अडोबीचे सॉफ्टवेअर शेजारी ‘एक्सएमपी’ नावाची चिठ्ठी ठेवते: उजेड इतका वाढव, तांबडा थोडा कमी कर. चिठ्ठी फाडली की मूळ चित्र जसेच्या तसे. लोकांना द्यायची प्रत जेपीईजी किंवा टिफमध्ये वेगळी काढायची. (कवितेच्या वहीला अशी सोय असती तर किती बरे! तिथे खाडाखोड मुळावरच होते.)

सर्वांना वाचता येईल असा ‘डीएनजी’ हा खुला नमुना अडोबीने 2004 साली मांडला. रिको, पेंटॅक्स, लायका यांनी तो कॅमेऱ्यांत घेतला, अ‍ॅपलने 2020 साली आयफोनमधल्या ‘प्रो-रॉ’साठी तोच वापरला. कॅनन आणि निकॉन यांनी मात्र आपापल्या लिप्या सोडल्या नाहीत.

कॉफिन यांच्या डीसीरॉची शेवटची आवृत्ती 2018 सालची. पण त्याच्याच पायावर ‘लिबरॉ’ नावाचा प्रकल्प उभा आहे, आणि नवा कॅमेरा बाजारात आला की तिथे कोणीतरी पुन्हा लिपी उलगडायला बसते.