रिकॉइल स्प्रिंग
रिकॉइल स्प्रिंग ही अर्धस्वयंचलित पिस्तुलातील स्लाइडची हालचाल नियंत्रित करणारी स्प्रिंग आहे. गोळी सुटल्यावर मागे जाणाऱ्या स्लाइडचा वेग ती कमी करते. नंतर स्लाइडला पुढे ढकलते, त्यामुळे मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसते.

निवड
स्प्रिंगचा जोर स्लाइड पूर्ण मागे असताना मोजतात व सहसा पौंडांत सांगतात. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले एम१९११ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. त्याच्या ५ इंची नळीच्या, .४५ एसीपी काडतुसाच्या प्रकारात १६ पौंडांची (सुमारे ७.३ किलोग्रॅम) स्प्रिंग प्रमाण मानली जाते. आखूड नळीच्या प्रकारांत स्लाइड हलकी असल्याने अधिक जोराची, तर सौम्य सराव-काडतुसांसाठी कमी जोराची स्प्रिंग वापरतात.

अयोग्य जोराचे परिणाम
वापराने स्प्रिंग हळूहळू सैल होते. सैल स्प्रिंगमुळे स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते, पुंगळ्या नेहमीपेक्षा दूर फेकल्या जातात आणि कधी स्लाइड पूर्ण मिटत नाही. जोर फाजील असल्यास स्लाइड पुरेशी मागे जात नाही व रिकामी पुंगळी अडकते. त्यामुळे अधिक कडक स्प्रिंग अधिक चांगली असतेच असे नाही.

बदल
प्रथम मॅगझिन काढून चेंबर रिकामे असल्याची खात्री करतात. एम१९११ मध्ये स्प्रिंगचे टोपण दाबाखाली असते; ते निसटून डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून संरक्षक चष्मा वापरतात. जोडणीनंतर स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढून पाहतात. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना पूर्ण टेकण्याआधी स्लाइड थांबली पाहिजे.