जलसा कोणाच्या भाकरीवर जगला?

जलसा हा शब्द आता आपल्या पोरांच्या कानावर फारसा पडत नाही. जयंतीला ऑर्केस्ट्रा येतो, डीजे लागतो, भीमगीतेही होतात. पण ही भीमगीते ज्या मुळातून उगवली त्या जलशाची ओळख पुसट झाली आहे. जलसे गायले कोणी, हे पुस्तकांतून थोडेफार सापडते. ते जगवले कोणी, वाईट दिवसांत जलसाकारांच्या पोटाला भाकर कोणी घातली, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. खरे तर तो आपल्याच आज्या-आजोबांचा इतिहास आहे. म्हणून विहाराच्या ह्या स्मरणिकेत आम्ही त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्याच वाटेने १९३० च्या आसपास बाबासाहेबांच्या चळवळीचे जलसे उभे राहिले. नाशिकच्या तरुणांना घेऊन भीमराव कर्डक, त्याचप्रमाणे केरूबुवा गायकवाड, केरू अर्जुन घेगडे, विदर्भात पतितपावनदास अशी मंडळी गावोगाव फिरू लागली. ढोलकी, झांज, तुणतुणे तमाशाचेच. पण लावणी आणि छचोरपणा बाजूला ठेवलेला. बायकांची सोंगेही पुरुषच घेत. पाणवठा, मंदिरप्रवेश, दारू, सावकारी, मेलेले ढोर ओढणे, पोरांना शाळेत घालणे, ह्यांवर फार्स आणि सवाल-जवाब चालत. बाबासाहेबांनी एका जलशाची किंमत आपल्या दहा सभांइतकी केली होती, असे जुनी मंडळी सांगत आली. ते पटण्यासारखेही आहे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत वर्तमानपत्र पोचत नव्हते, जलसा पोचत होता.

आता पैशाचा प्रश्न. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. जलशामागे असा कोणी राजा नव्हता. दुसरा रस्ता होता तमाशाचा, म्हणजे सुपारी आणि दौलतजादा. पण तोही बंद होता, आणि तो आपणच बंद केलेला होता. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आपल्या समाजाच्या बाईला फडावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. गरजेच्या दिवसांत चालून आलेला पैसा नाकारायचा ही सोपी गोष्ट नव्हे! ह्या नकाराची आठवण आपण अभिमानाने सांगतो. पण त्यानंतर चळवळीच्या कलावंताने जगायचे कशावर, हा प्रश्न आपल्या अंगावर आला, हे विसरतो.

तो प्रश्न सोडवला गिरणीतल्या, गोदीतल्या, रेल्वेतल्या मजुरांनी आणि गावोगावच्या महारवाड्यांनी. जलसाकार स्वतःही बहुतेक असेच मजूर. पाळी संपवून तालीम करायची, रजा पडली की पगार कापला जायचा. मुंबईच्या चाळीत खोलीवार वर्गणी निघे. गावात तर रोख पैसा नव्हताच. तिथे मंडळींची व्यवस्था घरे वाटून होई. ह्या घरी दोन, त्या घरी तीन. भाकरी, कोरड्यास, आणि निजायला गोधडी. कुणाची गॅसबत्ती, कुणाची बैलगाडी, कुणाच्या घराची फळकुटे आणून स्टेज. आपल्या आयाबायांनी ह्या जलशांसाठी किती दळण दळले असेल ह्याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. आमच्या मते जलशाची खरी देणगीदार तीच बाई होय.

आणि ही मदत नुसती भाकरीची नव्हती. जलसा ऐकून गावाने येसकरकी सोडली, ढोरे ओढणे सोडले, की बलुते बंद होई. किराणा मिळत नसे, शेतावर काम मिळत नसे. सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे केवढे भयंकर हत्यार आहे, हे बाबासाहेब ज्या समितीत होते त्या मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. जलसा सकाळी दुसऱ्या गावाला निघून जाई. बहिष्कार सोसायला महारवाडा तिथेच राही. तरी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे जाईच.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलसा मागे पडत गेला आणि गायन पार्ट्यांचा जमाना आला. लोकांना आता फार्सपेक्षा गाणे हवे होते. सिनेमाच्या, कव्वालीच्या चालींवर गाणी बसू लागली. वामनदादा कर्डक हे त्यातले सगळ्यांत मोठे नाव. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकला, १९४३ पासून गाणी लिहू लागला आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिला. त्यांना सांभाळले तेही वस्त्यांनीच. गायकांच्या गाण्यांच्या छोट्या पुस्तिका ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर विकल्या जात. ती विकत घेणे हीसुद्धा मदतच होती, फक्त तिला देणगी म्हणत नसत.

वर्गणी महिन्याच्या पगारावर चालते, आणि पगारच गेला तर? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांची नोकरी परत आलीच नाही. ज्या घरातून जयंतीची पावती फाटायची त्या घरात दोन वेळची पंचाईत झाली. त्याच सुमारास कॅसेट आली. आवाज घरोघर गेला, पण कॅसेट विकली गेली म्हणून गाणाऱ्याच्या घरी चूल पेटलीच असे नाही. चाहते वाढले आणि पोशिंदे कमी झाले, असा उलटा प्रकार झाला.

मग २०२० चा लॉकडाऊन. मार्चअखेरीस सगळे बंद झाले आणि १४ एप्रिलची जयंती घराघरात मेणबत्ती लावून झाली. ते योग्यच होते. पण भीमगीते गाणाऱ्याचे वर्ष एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांवर उभे असते. २०२१ चीही जयंती निर्बंधांतच गेली. ढोलकीवाला, कोरसमधली पोरगी, साउंडवाला, ह्यांची दोन वर्षे हातची गेली. आपल्या वस्तीने तेव्हा धान्य गोळा करून काही घरी पोचवले. पावत्या केल्या नाहीत, फोटो काढले नाहीत. रीत तीच, जुनी.

एका गोष्टीत मात्र आपला समाज कमी पडला असे आम्ही स्पष्ट म्हणू. कार्यक्रमाच्या रात्री आपण कलावंताला पोटभर जेवू घातले, हार घातला, गाडीभाडे दिले. त्याचा आवाज बसल्यावर, औषधपाण्याला पैसे नसताना, तो कुठे राहतो हे फारसे कोणी विचारले नाही. तो गेल्यावर त्याच्या गाण्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक १९७८ साली लिहून ठेवले म्हणून त्या काळातले एवढे तरी हाती आले. बाकी कितीतरी जलसाकारांचे नावसुद्धा उरले नाही.

विहार समितीने ह्या वर्षापासून दानपेटीतला एक हिस्सा परिसरातल्या वृद्ध गायक-वादकांच्या औषधासाठी बाजूला काढायचे ठरवले आहे. रक्कम लहान आहे. शिवाय जुन्या वह्या, हँडबिले, पुस्तिका, कॅसेट, जे काही कुणाच्या माळ्यावर, पेटीत असेल ते रविवारच्या वंदनेनंतर कार्यालयात आणून द्यावे. वही कोणाची, कोणत्या गावची, आणि मंडळी त्या गावी कोणाच्या घरी जेवत असत, हे आठवत असेल तर तेही सांगावे. लिहून घ्यायला माणूस बसवला आहे.