न केलेल्या गुन्ह्याची माफी

मे १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने जॉर्ज एदलजी नावाच्या एका तरुण वकिलाला माफी दिली. कशाची माफी? तर त्याने न केलेल्या गुन्ह्याची. तीन वर्षं तुरुंगात काढून झाल्यावर त्याला सांगण्यात आलं की हा गुन्हा तू केलाच नव्हतास, म्हणून तुला माफ करत आहोत. भरपाई मात्र एका पैशाचीही नाही.

हा नुसता शब्दांचा घोळ नव्हता. शिक्षा झालेल्या माणसाचा खटला नव्याने तपासून ‘हा निर्दोष आहे’ असं म्हणणारं न्यायालयच तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नव्हतं. होती ती फक्त राजाची दया. आणि दया मागायला जाणारा माणूस गुन्हेगार म्हणूनच दारात उभा असतो.

या प्रकरणाचा विषय निघाला की शेरलॉक होम्सचा लेखक स्वतःच डिटेक्टिव्ह झाला, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी जास्त कामाची आहे.

मुंबईचा पारशी, इंग्लंडचा पाद्री

जॉर्जचे वडील शापूरजी एदलजी मूळ मुंबईचे पारशी. तरुणपणी ते ख्रिस्ती झाले. १८६३ साली त्यांचा गुजराती-इंग्रजी शब्दकोश मुंबईत प्रसिद्ध झाला होता. पुढे ते इंग्लंडला गेले, पाद्री झाले, शार्लट नावाच्या इंग्रज बाईशी त्यांनी लग्न केलं आणि स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वायर्ली या गावच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि शेतं. अशा गावात धर्मोपदेशक म्हणून एक हिंदुस्थानी माणूस व्यासपीठावर उभा राहतो, हे अनेकांच्या पचनी पडणारं नव्हतं.

१८८८ पासून त्यांच्या घरी निनावी पत्रं येऊ लागली. १८९२ ते १८९५ या काळात तर त्यांचा पाऊसच पडला. धमक्या, शिव्या, शापूरजींच्या नावाने परस्पर मागवलेल्या वस्तू, वर्तमानपत्रांत दिलेल्या खोट्या जाहिराती. छळ या कुटुंबाचा होत होता, पण जिल्ह्याचा पोलीस प्रमुख कॅप्टन अ‍ॅन्सन याने ठरवून टाकलं की हे सगळं पाद्र्याचा मोठा मुलगाच करतोय. गुन्हेगाराला सक्तमजुरीचा डोस मिळावा अशी आपली इच्छा आहे, असं त्याने लेखी कळवलं होतं. तेव्हा जॉर्ज अजून विशीतही पोचला नव्हता.

त्यानंतर सात-आठ वर्षं शांततेत गेली. जॉर्ज सॉलिसिटर झाला. रेल्वेने बर्मिंगहॅमला जायचं, ऑफिसात काम करायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रेल्वे प्रवाशांना त्यांचे कायदेशीर हक्क समजावेत म्हणून त्याने १९०१ साली एक छोटं पुस्तकही लिहिलं.

१९०३ च्या फेब्रुवारीपासून वायर्लीत रात्रीबेरात्री कोणीतरी घोड्यांची आणि गुराढोरांची पोटं फाडू लागलं. पुन्हा निनावी पत्रं आली. ही कामं एक टोळी करते आणि जॉर्ज एदलजी त्या टोळीत आहे, असं त्या पत्रांत लिहिलेलं होतं. १८ ऑगस्टच्या सकाळी खाणीवरचं एक तट्टू रक्तबंबाळ अवस्थेत सापडलं. त्याच दिवशी जॉर्जला त्याच्या ऑफिसातून अटक झाली.

संशय आधी, पुरावा नंतर

पोलिसांकडे काय होतं? घरातून नेलेला एक कोट, आणि त्यावर सापडले म्हणून सांगितलेले घोड्याचे केस. सकाळी कोट ताब्यात घेताना शापूरजींना त्यावर एकही केस दिसला नव्हता. त्याच दिवशी पोलिसांनी त्या तट्टाच्या कातड्याचा तुकडाही कापून घेतला होता. संध्याकाळी डॉक्टरने कोट पाहिला, तेव्हा त्यावर केस होते.

मग बुटाचा ठसा. घटनास्थळी रात्रीपासून कितीतरी लोक ये-जा करत होते. ठशाचा साचा घेतलाच नाही. जॉर्जचा बूट शेजारच्या मातीत दाबून नुसत्या नजरेने तुलना केली.

तिसरा पुरावा हस्ताक्षराचा. ती पत्रं जॉर्जनेच लिहिली, असं थॉमस गरिन या हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितलं. म्हणजे जॉर्जने स्वतःवरच आरोप करणारी पत्रं पोलिसांना पाठवली, असं मानायचं. या गरिनच्या मतावर याआधी, १८९६ साली, अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला शिक्षा झाली होती आणि बेक निर्दोष होता. पण हे उघडकीला आलं १९०४ मध्ये. जॉर्जला त्याचा उपयोग नव्हता.

त्या रात्री मुलगा माझ्याच खोलीत झोपला होता आणि दाराला कुलूप होतं, असं शापूरजींनी शपथेवर सांगितलं. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. जॉर्ज कोठडीत असताना गावात आणखी एक घोडा मारला गेला. ते टोळीतल्या दुसऱ्या कोणाचं काम असणार, असं ठरवून तोही मुद्दा बाजूला सारला. ऑक्टोबर १९०३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी झाली. वकिलीची सनद गेली.

दहा हजार सह्या

गोष्टीचा हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. निकालानंतर लगेच जॉर्जच्या आईवडिलांनी धावपळ सुरू केली. बहामाजचे माजी सरन्यायाधीश आर. डी. येल्व्हर्टन यांनी कागदपत्रं वाचली आणि हा निकाल टिकण्यासारखा नाही, असं जाहीरपणे मांडलं. अर्जावर सुमारे १०,००० लोकांनी सह्या केल्या, त्यांत कितीतरी वकील होते. गृहखात्याने दाद दिली नाही.

पुढे ऑक्टोबर १९०६ मध्ये जॉर्जला अचानक सोडून दिलं. का सोडलं, ते कोणी सांगितलं नाही. निर्दोष म्हटलं नाही, सनद परत दिली नाही, पोलिसांकडे हजेरी लावायची अटही होती. जॉर्जने आपली हकीकत छापून आणली आणि त्याची कात्रणं आर्थर कॉनन डॉइलला पाठवली.

डॉइलची पत्नी त्याच वर्षी जुलैमध्ये वारली होती आणि त्याचं लिखाणात लक्ष लागत नव्हतं. त्याने जॉर्जला लंडनच्या एका हॉटेलात भेटायला बोलावलं. तो पोचला तेव्हा जॉर्ज पेपर वाचत बसला होता. कागद अगदी डोळ्यांजवळ, तोही जरा तिरका धरलेला. डॉइल मुळात डॉक्टर, त्यातही डोळ्यांच्या आजारांचा अभ्यास केलेला. जॉर्जला जवळपास मायनस आठ नंबर होता. हा माणूस काळोख्या पावसाळी रात्री, पहाऱ्यावरच्या पोलिसांना चुकवून, रेल्वेचे रूळ ओलांडून अर्धा मैल शेतात गेला आणि जनावर फाडून परत आला, असं न्यायालयाने मानलं होतं. खटल्यात त्याच्या नजरेचा मुद्दा कोणी नीट मांडलाच नव्हता.

जानेवारी १९०७ मध्ये डॉइल वायर्लीला जाऊन आला आणि ‘डेली टेलिग्राफ’मध्ये त्याचा लेख दोन भागांत छापून आला. कोणीही पुनर्मुद्रित करावा म्हणून त्यावर कॉपीराइट ठेवलेला नव्हता. लेखाची ताकद साधी होती. पोलिसांचा एकेक पुरावा घ्यायचा, वाचकासमोर ठेवायचा आणि विचारायचं की यावरून हे सिद्ध होतं का? सगळीकडे गदारोळ झाला. सरकारने तीन जणांची समिती नेमली. त्यांतला एक जण पोलीस प्रमुख अ‍ॅन्सनचाच नातेवाईक होता.

समितीने म्हटलं की जनावरं जॉर्जने मारली नाहीत, पण ती पत्रं त्यानेच लिहिली असावीत आणि म्हणून हे संकट काही अंशी त्याने स्वतःवर ओढवून घेतलं. त्या एका वाक्यावर भरपाई नाकारली गेली. बेकला ५,००० पौंड मिळाले होते. जॉर्जला सनद परत मिळाली, आणि ‘टेलिग्राफ’च्या वाचकांनी जमवलेले सुमारे ३०० पौंड.

नायकाची चूक

इथे गोष्ट संपवली तर डॉइल निर्भेळ नायक ठरतो. पण तो पुढेही गेला. खरा गुन्हेगार आपण शोधला, असं त्याला वाटलं आणि गावातल्या एका तरुणाचं नाव त्याने गृहखात्याला कळवलं. पुरावा काय? तो पूर्वी खाटकाकडे कामाला होता, गुरं नेणाऱ्या जहाजावर काम करून आला होता, त्याच्याकडे जनावरांची शीर कापायचं एक मोठं पातं होतं. म्हणजे ज्या प्रकारच्या तर्काने जॉर्ज तुरुंगात गेला, जवळपास त्याच प्रकारचा तर्क. सरकारने तो मानला नाही आणि ते बरंच झालं. पुढे १९३४ मध्ये भलत्याच एका माणसाला निनावी पत्रांबद्दल शिक्षा झाली. वायर्ली प्रकरणातली काही पत्रं आपलीच होती, असं त्याने कबूल केलं.

जनावरं कोणी मारली, हे सिद्ध करणं डॉइलला जमलं नाही, आणि जॉर्जसाठी त्याची गरजही नव्हती. निर्दोष माणसाची बाजू घेताना खरा चोर पकडून द्यावा लागत नाही. आहे तो पुरावा पुरेसा नाही, एवढं दाखवलं तरी पुरतं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. दहा हजार माणसांच्या सह्यांनी जे झालं नाही, ते एका प्रसिद्ध माणसाच्या लेखाने झालं. त्या वेळी इंग्लंडच्या तुरुंगांत आणखी किती निर्दोष असतील? त्यांतल्या कितींना लेखकाचा पत्ता माहीत असेल?

दार

बेक आणि एदलजी, या दोन प्रकरणांनी हा प्रश्न पार्लमेंटपुढे आणला. फौजदारी अपील न्यायालयाची विधेयकं त्याआधी कित्येकदा बारगळली होती. १९०७ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाचं काम सुरू झालं. शिक्षा झालेला कोणीही माणूस आता दयेसाठी नव्हे, तर खटला चुकला असं म्हणून वर जाऊ शकत होता. गंमत म्हणजे शापूरजींच्या मुंबई इलाख्यात सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायची सोय आधीपासून होती. ज्युरीचा निकाल असेल तर मात्र फक्त कायद्याच्या मुद्द्यांवर. जी वाट वसाहतीत होती, ती राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात नव्हती.

हे दार किती मोलाचं, ते शेजारी स्कॉटलंडमध्ये कळलं. १९०७ चा कायदा तिथे लागू नव्हता. १९०९ मध्ये ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसाला खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती ऐन वेळी जन्मठेपेवर आली. निकाल चुकलाय असं लिहिणारा डॉइल इथेही होता, पण वर्षानुवर्षं काही हललं नाही. आतली माहिती बाहेर सांगणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याची नोकरी गेली. १९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली. विल्यम पार्क या पत्रकाराने पुस्तक लिहिलं. स्कॉटलंडला अपील न्यायालय मिळालं १९२६ मध्ये, आणि १९२८ मध्ये स्लेटरची शिक्षा रद्द झाली. तोवर साडेअठरा वर्षं तुरुंगात गेली होती.

दार असलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. २००९ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत गेलेली. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. पण अशा माणसांना भरपाई हक्काने मिळेल, असा कायदा करावा, ही विधी आयोगाची २०१८ ची शिफारस कागदावरच राहिली. वायर्लीतलाच क्रम इथेही दिसतो. संशय कोणावर घ्यायचा हे जमात पाहून ठरतं आणि पुरावा मागाहून गोळा होतो.

जॉर्ज एदलजी १९५३ मध्ये वारला. पत्रं तूच लिहिलीस, हा समितीचा ठपका त्याच्या नावावरून कोणी अधिकृतपणे पुसला नाही. आयुष्यभर त्याने वकिली केली. डॉइलने १९०७ च्या सप्टेंबरमध्ये दुसरं लग्न केलं, तेव्हा पाहुण्यांमध्ये जॉर्ज होता.

अर्जावर सही करणाऱ्या त्या दहा हजार लोकांना मात्र कोणी कुठे बोलावलं नाही. त्यांतल्या बहुतेकांनी जॉर्जला पाहिलंही नसेल. त्यांच्या सह्यांवर गृहखातं हललं नाही, पण डॉइलने लेखणी उचलली तेव्हा तीन वर्षं जिवंत ठेवलेलं एक प्रकरण त्याच्यासमोर होतं. ते जिवंत ठेवलं होतं एका पाद्र्याच्या कुटुंबाने, एका निवृत्त न्यायाधीशाने आणि या नाव नसलेल्या माणसांनी.