फॉकलंड युद्ध (१९८२)

दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड (माल्व्हिनास) बेटांसाठी अर्जेंटिना व ब्रिटन यांच्यात २ एप्रिल ते १४ जून १९८२ दरम्यान झालेले युद्ध. देशांतर्गत असंतोषावरून लक्ष वळविण्यासाठी केलेल्या परकीय लष्करी कारवाईचे हे ठळक उदाहरण मानतात. बेटांवर अर्जेंटिनाचा दावा जुना होता. मात्र १९७६ पासूनची लष्करी राजवट महागाई व दडपशाहीमुळे लोकांच्या मनातून उतरली होती. ३० मार्चला ब्वेनस आयर्समध्ये पोलिसांनी कामगारांचा मोर्चा मोडून काढला. तीनच दिवसांनी तेथील प्लाझा दे मायो चौकात अर्जेंटिनाने बेटे घेतल्याचा जल्लोष झाला. युद्धात अर्जेंटिनाची ६४९ व ब्रिटनची २५५ माणसे मारली गेली. पराभवानंतर अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष जनरल गाल्तिएरी पायउतार झाले. १९८३ मध्ये निवडणुका होऊन लोकशाही पुनःस्थापित झाली.