समाजवादी आणि पाणीवाली

१९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. तेव्हा गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे आणीबाणीतल्या तुरुंगात होत्या. सरकारला शब्द हवा होता, तो जगणारी बाई नको होती.

उपनगरांनी मृणालताईंना वेगळेच बिरुद दिले होते : ‘पाणीवाली बाई’. नळासाठी महापालिकेशी भांडून मिळवलेले. १९७२च्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत त्यांच्यासोबत कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या. ज्या लेबलांवरून पुरुषांच्या बैठका मोडत, ती लाटणे मोर्च्यात आड आली नाहीत.

१९७७मध्ये उत्तर मुंबईने पाणीवाल्या बाईंना लोकसभेत पाठवले. ‘समाजवाद’ लोकांना कळत नव्हता असे नाही. तो नळाच्या तोटीतून कळला होता.